थ्रिलरमधला मोहल्ला कधी हसत का नाही?

आधी एक कबुली देतो. मला थ्रिलर आवडतात. पडद्यावर पाठलाग सुरू झाला की माझ्या हातातले पॉपकॉर्न हातातच राहतात. 'सूर्यवंशी' मी नोव्हेंबर 2021 मध्ये पहिल्याच आठवड्यात पाहिला. कोरोनात बंद असलेली थिएटरं नुकतीच उघडली होती, मोठा पडदा किती तरी महिन्यांनी दिसत होता. अक्षयकुमारच्या एंट्रीला मी शिट्टीसुद्धा मारली.

सोबत अकरावीतला भाचा होता. सिनेमातले स्लीपर सेलचे लोक वर्षानुवर्षं चारचौघांसारखा संसार करतात आणि हुकूम आला की कामाला लागतात. बाहेर पडल्यावर भाचा म्हणाला, "मामू, वायरी तर खालूंच्या घरातपण असतात." आमचे खालू मिक्सर आणि पंखे दुरुस्त करतात. त्यांच्या टेबलावर वायरींचा गुंता, सोल्डरिंगची कांडी आणि उघडी पडलेली मोटर कायम असते. आम्ही दोघं खूप हसलो. रिक्षात बसल्यावर मात्र तो गप्प झाला, आणि मीही.

या सिनेमांवर आपली नेहमीची तक्रार असते की खलनायक मुसलमान का. माझी तक्रार थोडी वेगळी आहे. खलनायक कुठल्याही धर्माचा असू शकतो, आणि 'सूर्यवंशी'त चांगले मुसलमानही आहेत. त्यात नईम खान नावाचे निवृत्त पोलीस अधिकारी आहेत, बॉम्बच्या धोक्यातून गणपतीची मूर्ती उचलून नेणारे मोहल्ल्यातले लोक आहेत. पण त्या सिनेमातला वाईट मुसलमान देशाविरुद्ध ड्युटीवर आहे आणि चांगला देशाच्या बाजूने. रिकामा कुणीच नाही. बिर्याणीत बटाटा घालायचा की नाही यावर भांडणारा, बिल्डिंगचा मेंटेनन्स थकवणारा, भावाच्या लग्नात रुसून बसणारा एकही माणूस दिसत नाही. संपूर्ण मोहल्ला एकतर पुरावा असतो, नाहीतर दाखला.

थ्रिलरला याची गरजच असते असंही नाही. श्रीराम राघवन यांचा 'अंधाधुन' (2018) आठवा. पुण्यात घडणारी गोष्ट, जवळपास प्रत्येक जण खोटं बोलतो, आणि भीती येते ती शेजारच्या माणसाच्या हावेतून. कुणाचं आडनाव बघून संशय घ्यावा लागत नाही.

सुधीर मिश्रा यांचा 'अफवाह' तर या भीतीची दिशाच उलटी करतो. राजस्थानातल्या एका राजकीय घराण्यातली मुलगी ठरलेलं लग्न सोडून पळते, रहाब अहमद नावाचा माणूस तिला वाटेत मदत करतो आणि मोबाइलवरून 'लव्ह जिहाद'ची अफवा सुटते. रात्रभर पळतो तो रहाब, म्हणजे नवाजुद्दीन. इथे संशय कसा तयार केला जातो, कोण टाइप करतं आणि कोण पुढे पाठवतं, हेच रहस्य आहे. उत्तरार्धात सिनेमा थोडा विस्कटतो, हे मान्य. तो 5 मे 2023 ला प्रदर्शित झाला. त्याच दिवशी 'द केरला स्टोरी' आला. कुणाला किती शो मिळाले हे वेगळं सांगायला नको. पण मीही 'अफवाह' थिएटरमध्ये पाहिला नाही, नंतर ओटीटीवर पाहिला. तेव्हा शो कमी मिळाल्याबद्दल फार मोठ्याने बोलण्याचा हक्क मला नाही.

आता मालेगाव. आपल्यातल्या अनेकांसाठी हे मावशीचं किंवा आत्याचं गाव. बाहेरच्यांसाठी ते तपासाच्या फाइलीतलं नाव. 8 सप्टेंबर 2006 ला, शब-ए-बरातच्या जुम्म्याला, तिथे स्फोट झाले. तीसहून अधिक माणसं गेली, बहुतेक मुसलमान. आणि पकडली गेली तीही मुसलमान पोरं. त्यांना 2016 मध्ये विशेष न्यायालयाने दोषमुक्त केलं. थ्रिलरच्या भाषेत हा 'ट्विस्ट', पण त्याला दहा वर्षं लागली.

याच गावात नासिर शेख आणि त्याचे मित्र 'मालेगाव के शोले' बनवत होते. नंतर 'मालेगाव का सुपरमॅन' बनवला. त्याचा नायक शफीक हा यंत्रमागावर काम करणारा काडीसारखा माणूस. कॅमेरा पुढे सरकवायला ट्रॉली नव्हती, म्हणून सायकल. फैजा अहमद खान यांनी त्यावर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला. तो बघताना आधी हसू येतं आणि मग या पोरांचा हेवा वाटू लागतो. रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' फेब्रुवारी 2025 मध्ये आला. त्यात मुसलमान मित्र भांडतात ते श्रेयावरून. सिनेमा कुणाचा, दिग्दर्शक नासिरचा की लेखक फरोगचा? फरोग रागावून मुंबईला जातो, तिथे त्याला कुणी विचारत नाही, आणि परत येतो. हिंदी पडद्यावर आपल्या वस्तीतल्या माणसाला एवढं क्षुल्लक आणि एवढं महत्त्वाचं दुःख क्वचितच मिळालं असेल. हा सिनेमाही थिएटरमधून लवकर उतरला.

ज्यांना अजून पुढे जायचं आहे त्यांनी सबटायटल लावून मल्याळी सिनेमे बघावेत. झकरिया यांचा 'सुडानी फ्रॉम नायजेरिया' (2018) मलप्पुरममध्ये घडतो. मजीद स्थानिक फुटबॉल संघाचा मॅनेजर आहे. त्याचा नायजेरियन खेळाडू सॅम्युअल जखमी होऊन त्याच्याच घरी येऊन पडतो. मजीदची आई आणि शेजारची म्हातारी भाषा कळत नसताना त्याची सेवा करतात. पण दिग्दर्शक या घराला संतांचं घर करत नाही. परक्या पोराला जीव लावणारा मजीद स्वतःच्या सावत्र बापाशी नीट बोलत नाही, आणि माझ्या मते सिनेमाची खरी जखम तीच आहे.

त्याच झकरियांचा 'हलाल लव्ह स्टोरी' (2020) आपल्यासारख्या संस्था-संघटनांत वावरणाऱ्यांनी सावधपणे पाहावा, कारण आपण त्यात सापडतो. एका धार्मिक संघटनेला 'हलाल' टेलिफिल्म बनवायची आहे. नायक-नायिकेला जवळ यायचं तर ते खरेखुरे नवरा-बायको हवेत. म्हणून शरीफ आणि सुहराला घेतात. पंचाईत अशी की सुहराला अभिनय येतो आणि शरीफला येत नाही. सराव करताना तिच्या तोंडून संसाराबद्दलच्या अशा गोष्टी निघू लागतात ज्या कधी घरात बोलल्या गेल्या नव्हत्या. कुणाच्याही श्रद्धेची टर न उडवता हा सिनेमा आपल्या बैठका, परवानग्या आणि कुजबुज यांच्यावर हसतो. थ्रिलर आपल्यावर संशय घेतो तेव्हा आपण चिडतो, ते बरोबरच आहे. पण घरातलाच कुणी आपल्यावर हसला की आपण आणखी जास्त चिडतो. समाजाची बदनामी होते म्हणतो. मग आपल्या गोष्टी लिहिणार कोण? ज्यांना आपल्याबद्दल फक्त एटीएसच्या फाइलीतून माहिती आहे, ते?

भाचा आता कॉलेजात आहे. खालूंच्या दुकानावर मोबाइलवर एक छोटी फिल्म करायचं त्याच्या मनात आहे. मिक्सर दुरुस्त होऊन पडलाय, पण गिऱ्हाईक न्यायला येत नाही, एवढीच गोष्ट. खालूंनी आधी ठाम नकार दिला. मागच्या रविवारी मी सगळ्यांना घरी बसवून 'हलाल लव्ह स्टोरी' लावला. सुहराचा तो सरावाचा प्रसंग आला तेव्हा खाला एकदम सरसावून बसल्या. खालू चहा ठेवायला उठले, जे त्यांनी तीस वर्षांत कधी केलं नव्हतं. चहात साखर विसरले. पण रात्री निघताना भाच्याला विचारत होते, शूटिंगला दुकान किती तास बंद ठेवावं लागेल.