राखणदाराच्या उलट्या बोंबा

एखाद्या कंपनीतून पासवर्ड चोरीला गेले की लगेच आपल्याला उपदेशाची ईमेल येते: पासवर्ड लांब ठेवा, त्यात आकडे घाला, दर तीन महिन्यांनी बदला. (ही बदलण्याची सक्ती नको, असे अमेरिकेच्या निस्ट या संस्थेनेच २०१७ मध्ये सांगितले आहे. वाचतो कोण?) चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, या राखणदाराच्या!

मुळात पासवर्ड साठवायचाच नसतो. साठवायचा त्याचा हॅश. गहू दळले की पिठातून दाणे परत निघत नाहीत, तसे हे गणित. लॉगिनच्या वेळी पासवर्ड पुन्हा दळायचा आणि पीठ जुळते का ते पाहायचे. दोघांचा पासवर्ड एकच निघाला तरी पीठ वेगळे दिसावे म्हणून प्रत्येक दळणात वेगळे 'मीठ' टाकायचे. ही युक्ती मॉरिस आणि थॉम्सन यांनी १९७९ सालीच छापली. जाते मुद्दाम संथ फिरवणारे बीक्रिप्ट १९९९ चे, आणि तेही फुकट.

तरीही २०१२ मध्ये लिंक्डइनमधून सुमारे ६५ लाख हॅश बाहेर आले, ते बिनमिठाचे एसएचए-१. चोरी ११ कोटींच्या वर खात्यांची होती, हे २०१६ मध्ये उघड झाले. अडोबीने तर हॅशऐवजी सगळ्यांना एकच किल्ली लावली होती. २०१३ मध्ये तो साठा फुटला तेव्हा शेजारी पासवर्डच्या खाणाखुणाही उघड्या लिहिलेल्या!

१२३४५६ ठेवणाऱ्याला कुठलेच मीठ वाचवणार नाही, हे मान्य. पण बाकीच्यांचे काय?

मित्रहो, हा कोड आपल्यातलेच लोक लिहितात. तुमच्या डेटाबेसमधला तो रकाना एकदा उघडून बघा. डॉलरच्या चिन्हानंतर २ दिसला तर बहुधा बीक्रिप्ट. नुसती ३२ अक्षरे असतील तर बहुधा एमडी५, आणि साधे ग्राफिक्स कार्डही त्याचे सेकंदाला अब्जावधी अंदाज तपासते. 'जुनी सिस्टिम आहे, मूळ पासवर्ड हाताशी नाहीत' ही सबब मी मीटिंगांमधून फार ऐकली. जुना हॅशच बीक्रिप्टमधून पुन्हा दळा, आणि माणूस पुढच्या वेळी लॉगिन करील तेव्हा नवा करून घ्या. कोणाला कळणारही नाही.

आणि 'पासवर्ड विसरलो' म्हटल्यावर जी साइट तुमचाच पासवर्ड ईमेलने परत पाठवते, तिने तो दळलेलाच नाही. तिला त्याच ईमेलवर उत्तर लिहा, आणि विचारा.