श्वास मोजायला कोणी शिकवावे?

पदार्थविज्ञानाच्या प्रात्यक्षिकाला लंबकाचा आवर्तकाल काढताना एकच आंदोलन न मोजता २० का मोजावयाची, असे दरवर्षी कोणीतरी विचारतेच. कारण तुम्हांला ठाऊक आहे. घड्याळाची कळ दाबताना होणारी चूक २० आंदोलनांत वाटली जाते. हाच नियम तान्ह्या बाळाच्या बाबतीत जिवाशी येतो.

न्यूमोनिया झाला की बाळाचा श्वास वेगाने चालतो. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक भरले, तर ते धोक्याचे लक्षण समजतात. आता समजा, कोणी घाईने १५ सेकंदच मोजून चारने गुणले. १५ श्वासांऐवजी १४ मोजले गेले, की ६० चे ५६ होतात आणि आजारी बाळ बरे ठरते! शिवाय तान्ह्या बाळाचा श्वास कधी भरभर, कधी संथ चालतो. म्हणून पूर्ण मिनिटभर मोजावे लागते.

पण ज्या दाईला ६० पर्यंत मोजता येत नाही, तिने काय करावे? गडचिरोलीच्या डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने यावर एक साधे उपकरण काढले. मिनिटभर चालणारे वाळूचे घड्याळ आणि ओळीने ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वी लाल मण्याची पाळी आली, तर श्वास धोक्याच्या वेगाने चालला आहे असे समजावयाचे. दहापर्यंत मोजता आले म्हणजे झाले. प्रयोगशाळेतील कितीतरी महागड्या यंत्रांपेक्षा मला हे उपकरण सुंदर वाटते.

याच संस्थेने ३९ खेड्यांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यावयास शिकविले. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात बाळांचे मृत्यू, तुलनेसाठी घेतलेल्या खेड्यांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधी जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून हाच मार्ग धरला होता. २०११ पासून देशभरातील आशाताईंकडे नवजात बाळांच्या घरभेटींचे काम आले.

अर्धवट शिकलेला वैद्य जिवाला धोका, असे यावर कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. आशाताईला थोडेच शिकवितात, पण बाळाला दवाखान्यात केव्हा न्यावयाचे हेही त्यातच असते. अर्धवटपणा दुसरीकडेच आहे.

आपल्या खानदेशात धुळ्याला १९८९ पासून आणि जळगावला २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथून शिकून निघालेल्या तरुणाला शिरपूर किंवा चोपड्याच्या बाजूला सातपुड्यातील पाड्यावर जावे लागले, तर त्याच्याजवळ वॉर्डातील यंत्रे नसतात. ‘मनं डोकं दुखस’ एवढी अहिराणी कोणालाही कळेल. पण पावरा बाई पावरीत बोलू लागली की आपण गप्प! आणि रोग्याचे सांगणे कळले नाही, तर निदानाची पहिली पायरीच चुकते.

२०२२ साली वैद्यकीय विद्यार्थ्यांना खेड्यातील कुटुंबे दत्तक देण्याची योजना आली, हे चांगलेच झाले. पण बसने जाऊन संध्याकाळी परत येणे म्हणजे शिक्षण नव्हे. माझ्या मते प्रत्येकाने सलग एक महिना, तोही पावसाळ्यातला, पाड्यावर राहून आशाताईच्या हाताखाली काम करावे. अभ्यासक्रम आधीच जड आहे, असे प्राध्यापक मंडळी म्हणतील. मीही प्राध्यापकच असल्याने ही तक्रार मला पाठ आहे. त्या महिन्याची परीक्षा आशाताईनेच घ्यावी. प्रश्न एकच असावा : या बाळाचे श्वास मोजा, आणि त्याला काय झाले आहे ते त्याच्या आईला तिच्या बोलीत सांगा.