रोहित सरदाना गेले तेव्हा आपण काय केलं?

३० एप्रिल २०२१. रमजानमधला शुक्रवार. मुळशी तालुक्यातल्या हिंजवडीत मी घरून काम करत होतो. बातमी आली : 'आज तक'चे अँकर रोहित सरदाना गेले. कोरोना झाला होता, त्यात हृदयविकाराचा झटका. वय चाळिशीचं. दहा मिनिटांत कॉलेजच्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर हसणारे इमोजी आले. तोंडात रोजा आणि बोटांत हे! मीही एक अंगठा टाकला. त्याची लाज अजून गेलेली नाही.

राग खोटा नव्हता. 'ताल ठोक के', 'दंगल' ही त्यांच्या कार्यक्रमांची नावंच पुरेशी बोलकी आहेत. २०२० मध्ये तबलीगच्या निमित्तानं वाहिन्यांनी आपल्याला रोगाचे वाहक ठरवलं. अनेक ठिकाणी मुसलमान भाजीवाल्यांना गल्लीबाहेर काढलं गेलं. २१ ऑगस्ट २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं परदेशी तबलीगींवरचे गुन्हे रद्द केले. त्यांच्याविरुद्ध माध्यमांत मोठा अपप्रचार झाला आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेलं, असंही नोंदवलं.

म्हणून 'गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोला' हा उपदेश मला अर्धाच पटतो. जे काम लाखो घरांत पोचलं, त्याचा हिशेब मृत्यूनंतरही मांडावाच लागेल. पण हिशेब वेगळा आणि जल्लोष वेगळा. एका यहुद्याचा जनाजा जाताना पैगंबर उभे राहिले होते. तो तर यहुदी, असं कुणी म्हटल्यावर त्यांनी विचारलं की तोही एक जीवच नव्हता का? कोरोनाच्या त्याच काळात पुण्यात मूलनिवासी मुस्लिम मंचाचे कार्यकर्ते सर्व धर्मांच्या मृतांवर अंत्यसंस्कार करत होते. मयत कुठली वाहिनी बघायचा, हे त्यांनी विचारलं नसेल. इस्लाम त्यांच्याकडून शिकायचा की आपल्या ग्रुपकडून?

आता आपल्या घरातलं बोलू. टीव्हीच्या त्या आखाड्यात दाढी-टोपीवाला पहिलवान कोण पुरवत होतं? आपणच. मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानं 'या चर्चांना जाऊ नका' असं उलेमांना सांगितलं ते जून २०२२ मध्ये, नूपुर शर्मा प्रकरणानंतर. आणि आज आपलीच पोरं यूट्यूबवर 'धुलाई', 'बोलती बंद' अशी शीर्षकं देऊन तोच आरडाओरडा करतात. रंग हिरवा केला म्हणून दंगल काही संवाद होत नाही.

करण्यासारखं काम कंटाळवाणं आहे. द्वेष पसरवणाऱ्या कार्यक्रमाची तारीख आणि वेळ टिपा, सात दिवसांत वाहिनीकडे लेखी तक्रार करा, दाद मिळाली नाही तर एनबीडीएसएकडे जा. २०२४ मध्ये इंद्रजित घोरपडे या कार्यकर्त्याच्या तक्रारींवरून याच संस्थेनं टाइम्स नाऊ नवभारतला १ लाख आणि न्यूज१८ इंडियाला ५० हजारांचा दंड केला, 'आज तक'ला समज दिली आणि ते व्हिडिओ काढायला लावले. दंड किरकोळ आहे, मान्य. पण आपल्या हजार इमोजींनी एक तरी व्हिडिओ उतरवला का?

दोस्तहो, पुढचा अँकर जाईल तेव्हा ग्रुपवर गप्प राहा. तो जिवंत असताना मात्र गप्प राहू नका.