जन्मतारीख नको, तपासणी पाहा

साठी उलटलेल्यांना मरणोत्तर दानातले मूत्रपिंड देऊ नये, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत मला मुळीच मान्य नाही. असे अवयव मिळवण्याच्या नोंदणीसाठीची ६५ वर्षांची कमाल वयोमर्यादेची अट केंद्र सरकारने २०२३ मध्येच काढली, आणि ते योग्यच झाले. सत्तरीतल्या एखाद्याचे हृदय ठणठणीत असते, पन्नाशीतला मधुमेहाने पोखरलेला असतो.

तरुणांचा वाटा जाईल, ही काळजी रास्त आहे. पण युरोपातील काही देशांत अवयवांचे वाटप करणाऱ्या युरोट्रान्सप्लांट या संस्थेने १९९९ पासून त्यावर वाट काढली आहे: पासष्टीपुढच्या दात्यांची मूत्रपिंडे त्याच वयाच्या, जवळपासच्या रुग्णांना दिली जातात. प्रवास वाचतो, मूत्रपिंड कमी वेळ बर्फात राहते. एरवी वयामुळे नाकारले जाणारे अवयवही कामी येतात. आपल्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय समित्यांनी ही पद्धत जरूर अभ्यासावी.

– एक वाचक, पुणे