निवाड्यानंतरची लढाई

सार्वजनिक उपक्रमातील कर्मचारी बडतर्फ होतो, वाद लवादाकडे किंवा कामगार न्यायालयाकडे जातो, काही वर्षांनी त्याला कामावर परत घेण्याचा निवाडा होतो आणि खरी लढाई तेथून सुरू होते. व्यवस्थापन उच्च न्यायालयाचे दार ठोठावते. अशा निवाड्यात न्यायालयाने कुठवर हात घालावा, हा प्रश्न म्हणूनच केवळ कायदेपंडितांच्या चर्चेचा राहत नाही.

औद्योगिक विवाद कायदा, १९४७ने निवाड्याविरुद्ध अपिलाची सोयच ठेवली नव्हती. कलम १०-अ नुसार दोन्ही बाजूंनी संमतीने नेमलेल्या लवादाला सर्वसाधारण लवाद कायदाही लागू नव्हता. उरला तो राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खालील रिट अर्ज. अशा लवादाचा निवाडाही रिट अधिकाराच्या कक्षेत येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने रोहतास इंडस्ट्रीज प्रकरणात १९७५ मध्ये स्पष्ट केले. मात्र हा अधिकार देखरेखीचा आहे, अपिलाचा नव्हे. कायद्याची उघड चूक, पुराव्याविना काढलेला निष्कर्ष, नैसर्गिक न्यायाचा भंग एवढ्यापुरताच तो वापरायचा; पुरावा नव्याने तोलायचा नाही, असा दंडक त्याच न्यायालयाने त्याआधीच घालून दिला होता.

डिसेंबर १९७१ पासून लागू झालेल्या कलम ११-अ ने चित्र बदलले. तोवर खातेनिहाय चौकशीत आकस, पक्षपात वा विपर्यस्त निष्कर्ष आढळला तरच कामगार न्यायालयाला हस्तक्षेप करता येत असे. नव्या कलमाने पुरावा पुन्हा तपासण्याचा आणि शिक्षा सौम्य करण्याचा अधिकार त्याला मिळाला. अहमदाबादच्या गुजरात स्टील ट्यूब्ज या खासगी कंपनीतील संपानंतर कामगारांना कामावरून काढून टाकल्याच्या प्रकरणात लवादाने व्यवस्थापनाची बाजू उचलून धरली होती; उच्च न्यायालयाने तो निवाडा फिरवला. लवादालाही कलम ११-अ चे अधिकार आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये बहुमताने ठरवले. हे तत्त्व सार्वजनिक उपक्रमांनाही लागू होते.

पण सवलतीलाही मर्यादा असते. कर्नाटक परिवहन महामंडळाच्या एका वाहकाने सुमारे ३५ प्रवाशांकडून प्रत्येकी ५० पैसे जादा घेतल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले, तेव्हा २००१ मध्ये न्यायालयाने अशा वाहकांना दाखवलेली सहानुभूती अनाठायी ठरवली. रक्कम किती, यापेक्षा विश्वास मोडला का, हे महत्त्वाचे मानले गेले. प्रवाशांचा पैसा वाहकाच्या हाती विश्वासाने दिलेला असतो, हे पाहता ही भूमिका समजण्याजोगी आहे.

अडचण निर्माण होते ती या दोन प्रवाहांच्या संगमावर. ‘आम्ही असतो तर वेगळी शिक्षा दिली असती’ हे निवाडा फिरवण्याचे कारण होऊ शकत नाही. अन्यथा देखरेख अपिलाचेच रूप घेते आणि कायद्याने न ठेवलेले अपील मागल्या दाराने आत येते. दुसरीकडे, कारणे न देता केवळ दयेपोटी शिक्षा सौम्य करणारा निवाडाही टिकू नये. निवाड्यातील कारणमीमांसा निष्कर्षाला पेलते का, एवढीच कसोटी दोन्ही बाजूंना न्याय देणारी आहे.

कर्मचाऱ्याच्या दृष्टीने खरी शिक्षा असते ती विलंबाची. या काळात अखेरचे वेतन सुरू ठेवण्याची कलम १७-ब ची तरतूद १९८४ पासून अमलात आली, तीही तो अन्यत्र नोकरीत नसेल तरच. व्यवस्थापनाला मात्र खटल्याचा खर्च स्वतःच्या खिशातून करावा लागत नाही. तो अखेर जनतेच्या पैशातून होतो. त्यामुळे प्रत्येक निवाड्याला आव्हान देण्याचा मोह सोपा आणि सुरक्षित वाटतो.

औद्योगिक संबंध संहिता, २०२० नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. बडतर्फीविरुद्ध थेट दाद मागण्याची तीन वर्षांची मुदत तिने दोन वर्षांवर आणली; न्यायाधिकरणात न्यायिक सदस्याच्या जोडीला प्रशासकीय सदस्य आणला. घटनेने दिलेला रिट अधिकार अर्थातच अबाधित आहे. कर्मचाऱ्याने दाद मागण्याला कालमर्यादा असेल, तर निवाड्यानंतरच्या आव्हानाचा निकाल किती काळात लागावा, यालाही काही शिस्त हवी. ती नसेल, तर कामावर परतण्याचा आदेश निवृत्तीचे वय उलटल्यावर हाती पडेल आणि निवाडा जिंकूनही नोकरी हरल्यासारखेच होईल.