मात्रेचा हिशेब

एक्स-रे किंवा सीटी स्कॅनच्या खोलीत काम करणाऱ्या तंत्रज्ञाच्या छातीपाशी एक छोटा प्लास्टिकचा बिल्ला असतो. ओळखपत्रासारखे काहीतरी असेल, असे समजून आपण तिकडे दुर्लक्ष करतो. त्या बिल्ल्यात कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या असतात. किरणोत्साराची ऊर्जा त्या साठवून ठेवतात आणि प्रयोगशाळेत तापवल्या की साठवणीच्या प्रमाणात प्रकाश देतात. दर तीन महिन्यांनी बिल्ले तपासणीला जातात, त्या प्रकाशावरून माणसाला किती मात्रा मिळाली ते काढले जाते आणि ती त्याच्या नावावर चढते. नोकरी बदलली, गाव बदलले तरी खाते एकच. ही व्यवस्था आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्राने उभी केली. पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसीव्हर्ट, ही अणुऊर्जा नियामक मंडळाने घालून दिलेली मर्यादा.

त्याच खोलीत टेबलावर निजलेल्या रुग्णाला मात्र बिल्ला नसतो आणि मर्यादाही नसते. मर्यादा नाही, हे योग्यच आहे. तंत्रज्ञाला किरणांचा काही उपयोग नसतो, रुग्णाला असतो, आणि ज्याचा जीव एका तपासणीने वाचणार आहे त्याला 'तुमचा कोटा संपला' असे सांगणे हा मूर्खपणा ठरेल. पण मर्यादा नसणे वेगळे आणि नोंद नसणे वेगळे. नोंदीने काय साधते, हे पाहायचे असेल तर ब्रिटनमधल्या काही हजार संधिवाताच्या रुग्णांची हकीकत माहीत असायला हवी.

संधिवात म्हटले की आपल्याला आजीचे गुडघे आठवतात. तो झिजेचा संधिवात. इथे गोष्ट दाहक संधिवाताची आहे, ज्यात शरीराची संरक्षणयंत्रणा आपल्याच सांध्यांवर उलटते. हातापायांच्या सांध्यांना धरणारा आमवात त्यातलाच. आणि कण्याला धरणारा अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसही. हा दुसरा ऐन विशी-तिशीत गाठतो, पुरुषांना अधिक. पहाटे कंबर आखडल्याने जाग येते, चालल्या-फिरल्यावर ती सैल होते, आणि वर्षानुवर्षे असेच चालले तर मणके एकमेकांना जुळून कणा बांबूसारखा ताठ होतो. १९३० आणि १९४० च्या दशकांत यावर ॲस्पिरिनपलीकडे फारसे काही नव्हते. म्हणून ब्रिटनमधल्या किरणोपचार केंद्रांतून अशा रुग्णांच्या कण्यावर क्ष-किरण सोडण्याची पद्धत रूढ झाली. आराम पडे, यात शंका नाही. वाकून बुटाची नाडी बांधता न येणारा तरुण पुन्हा कामावर जाऊ लागे. डॉक्टरांनी ही पद्धत का उचलली, हे समजण्यासारखे आहे.

पुढचे घडले ते भलत्याच कारणाने. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बाँबचा स्फोट केला. त्याची किरणोत्सारी राख एका जपानी मासेमारी नौकेवरच्या २३ जणांवर पडली आणि जगभर एकच प्रश्न विचारला जाऊ लागला: किरणांची किती मात्रा माणसाला किती अपाय करते? ब्रिटिश सरकारने १९५५ मध्ये वैद्यकीय संशोधन परिषदेकडे तो सोपवला. हिरोशिमा-नागासाकीच्या माणसांचा अभ्यास सुरू होता, पण त्यांच्यापैकी कोण स्फोटापासून किती अंतरावर, कोणत्या भिंतीआड उभा होता, हे नक्की करणे अवघड. मग ज्यांना मोजूनमापून किरण दिले गेले असे लोक कुठे आहेत? ते रुग्णालयांच्या कपाटांत होते, स्पाँडिलायटिसच्या रुग्णांच्या कार्डांवर.

विल्यम कोर्ट ब्राऊन आणि रिचर्ड डॉल या दोघांनी ही कार्डे बाहेर काढली. डॉल म्हणजे धूम्रपान आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचे नाते १९५० मध्ये ब्रॅडफर्ड हिल यांच्यासह दाखवून देणारे. १९३५ ते १९५४ या काळात ऐंशीहून अधिक केंद्रांतून उपचार घेतलेले हे रुग्ण. १९५७ मध्ये पहिला सविस्तर अहवाल आला. १९६५ पर्यंत पाठपुराव्यातल्या रुग्णांची संख्या १४,५५४ झाली होती. तेवढ्या लोकांत एरवी रक्ताच्या कर्करोगाने साधारण पाच-सहा मृत्यू अपेक्षित होते. प्रत्यक्षात झाले ५२.

हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचला पाहिजे. अपेक्षेच्या जवळजवळ दहापट, हे एक. आणि साडेचौदा हजारांत ५२, म्हणजे हजारी चारही नव्हेत, हे दुसरे. एखाद्या केंद्रातल्या डॉक्टराने आयुष्यभर असे दोनशे रुग्ण बरे केले असते, तर त्याच्या पाहण्यात असा एखादाच मृत्यू आला असता, तोही काही वर्षांनी, आणि त्याचा संबंध जुन्या किरणांशी जोडण्याचे त्याला कारणही वाटले नसते. कितीही सज्जन आणि हुशार असला तरी अनुभवाच्या जोरावर त्याला हे कळणे शक्य नव्हते. ते फक्त सगळ्यांची कार्डे एकत्र मांडल्यावर दिसले. नंतर १९७७ मध्ये डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच आजार असलेले, पण किरण न घेतलेले ८३६ रुग्ण तपासले. त्यांच्यात रक्ताचा कर्करोग वाढलेला नव्हता. दोष आजाराचा नव्हता, उपचाराचा होता.

पण कार्डावर लिहिलेली मात्रा ही त्वचेपाशी मोजलेली, आणि रक्ताचा कर्करोग उद्भवतो अस्थिमज्जेत. मज्जेपर्यंत किती पोहोचली? यासाठी यंत्राचा दाब किती, किरणांचा झोत किती रुंद, पाठीचा कोणता भाग, किती बैठका, हे सारे लागते. ते लिहिलेले होते म्हणून १९८८ मध्ये, म्हणजे उपचारांनंतर तीस-पन्नास वर्षांनी, दर पंधरा रुग्णांतून एक निवडून प्रत्येक अवयवाची मात्रा संगणकावर नव्याने काढता आली. मज्जेची सरासरी चार ग्रेच्या आसपास भरली. एक ग्रे म्हणजे एक किलो ऊतीत एक ज्यूल ऊर्जा मुरणे. चहाच्या कपाला कोमटही करणार नाही इतकी ती थोडी. तरीही चार ग्रे सबंध शरीराला एका दमात मिळाले आणि उपचार झाले नाहीत, तर सुमारे निम्मी माणसे दगावतात. हे रुग्ण दगावले नाहीत, कारण त्यांना ती कण्यापुरती आणि काही आठवड्यांत विभागून मिळाली. एकरकमी वसुली आणि हप्ते यांतला फरक बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला वेगळा सांगावा लागत नाही. नुसत्या आकड्याला अर्थ नसतो. कुठे, किती वेळात, हे जोडीला हवे.

जर्मनीत याहून वाईट घडले. तिथे दुसऱ्या महायुद्धानंतर हाडांचा क्षय झालेल्या मुलांना आणि स्पाँडिलायटिसच्या रुग्णांना रेडियम-२२४ ची इंजेक्शने दिली गेली. हाइन्झ श्पीस या बालरोगतज्ज्ञाने अशा ८९९ जणांचा अनेक दशके माग ठेवला. त्यांच्यात पन्नासहून अधिक हाडांचे कर्करोग निघाले. तरी किरणांचे नाव टाकून द्यावे असेही नाही. सांध्याच्या आतल्या सुजलेल्या अस्तरावर यिट्रियम-९० सारख्या द्रव्याचे इंजेक्शन आजही वापरात आहे. त्याचे किरण काही मिलिमीटरच जातात आणि अर्धे द्रव्य तीन दिवसांच्या आत संपते. तुर्भ्याच्या आपल्या शास्त्रज्ञांनी लहान सांध्यांसाठी ल्युटेशियम-१७७ वर काम केले आहे. उलट, झिजेच्या संधिवातावर सौम्य क्ष-किरण देण्याची पद्धत जर्मनीत अजून चालते, पण हॉलंडमध्ये काही रुग्णांना खरे आणि काहींना खोटे किरण देऊन पाहिले तेव्हा, २०१८ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार, दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही.

आज दाहक संधिवाताचे चित्र पालटले आहे. १९९२ मध्ये लंडनच्या चेअरिंग क्रॉस रुग्णालयात लुधियान्यात जन्मलेले रवींदर मैनी आणि मार्क फेल्डमन यांनी टीएनएफ हे दाहक द्रव्य अडवणारे इंजेक्शन आमवाताच्या रुग्णांना प्रथम दिले आणि वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेली माणसे उठली. पण २००१ मध्ये अशा इंजेक्शनांनंतर क्षय उफाळलेल्या ७० रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. क्षयाचे जंतू कित्येकांच्या शरीरात निजून राहणाऱ्या आपल्या देशात याचा अर्थ काय, हे वेगळे सांगायला नको. म्हणून आता इंजेक्शनाआधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची चाचणी होते.

ब्रिटनने त्याच २००१ साली या औषधांवरच्या रुग्णांची राष्ट्रीय नोंदवही उघडली. भीती होती ती कर्करोगाची. वर्षे गेली आणि गाठींचे कर्करोग जुन्या औषधांवरच्या रुग्णांपेक्षा वाढलेले दिसले नाहीत. नोंद फक्त आरोप सिद्ध करत नाही, निर्दोषही सोडते. दुसरीकडे टोफासिटिनिब ही गोळी २०१२ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. पन्नाशी ओलांडलेल्या आणि हृदयविकाराचा धोका असलेल्या चार हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत हृदयविकार आणि कर्करोग यांचे प्रमाण टीएनएफ-रोधकांपेक्षा अधिक निघाले, आणि २०२१ मध्ये तिच्यावर कडक इशारा छापला गेला. तिच्या स्वस्त आवृत्त्या आपल्या औषधांच्या दुकानांत आहेत. त्या कोणी, किती वर्षे घेतल्या, हे कुठे लिहिले जाते?

आपल्याकडे हे काम रुग्णाच्या प्लास्टिक पिशवीवर सोपवलेले आहे. तीत जुन्या फिल्म, चुरगळलेल्या चिठ्ठ्या, औषधांची रिकामी पाकिटे असतात. घर बदलताना ती पहिली टाकली जाते. दाहक संधिवाताचा रुग्ण तर वयाच्या पंचविशीपासून तपासण्या करत असतो. हाताच्या एक्स-रेची मात्रा मिलिसीव्हर्टच्या हजाराव्या भागाएवढी, म्हणजे नगण्य, त्याची भीती बाळगणे व्यर्थ. एमआरआय आणि सोनोग्राफीत असे किरणच नसतात. पण पोटाचा एक सीटी स्कॅन आठ-दहा मिलिसीव्हर्टचा, आणि पृथ्वीवर नुसते राहण्याने वर्षाला मिळणारी सरासरी मात्रा २.४. गावच्या डॉक्टरांनी एक सीटी काढला, शहरातल्यांनी 'आमच्या मशीनवर पुन्हा काढा' म्हटले, असे आपल्या घराघरात घडते.

युरोपीय संघाने २०१३ च्या आपल्या निर्देशात रुग्णाला मिळालेल्या किरणांची माहिती तपासणीच्या अहवालाचाच भाग केली आहे. त्यासाठी नवे यंत्र घ्यावे लागत नाही. सीटी यंत्र प्रत्येक तपासणीनंतर मात्रेचे एक पान आपोआप तयार करते, आपल्या जिल्ह्याच्या गावातलेही. आपल्या हाती पडणाऱ्या अहवालात ते बहुतेकदा नसते, कारण कोणी मागत नाही. काउंटरवर पैसे भरताना मागता येते. एक कागद जास्त छापावा लागतो, इतकेच.