बढतीची वाट कागदावरून जाते



आपल्यातले कितीतरी जण सरकारी कचेरीत शिपाई म्हणून लागतात आणि शिपाई म्हणूनच निवृत्त होतात. काम चोख, खाडा नाही. तरी मागून आलेला कारकून होऊन पुढे जातो. मग घरी म्हणतात, ‘आपला वशिला नाही.’ वशिला चालतो, हे खोटे नाही. पण आपला कागद अपुरा असला की वशिल्याचे आणखी फावते.

बढतीच्या वेळी समिती माणूस पाहत नाही, कागद पाहते. त्यातले तीन आपण सांभाळावेत.

पहिला, सेवापुस्तक. जन्मतारीख, रुजू तारीख, जातीची नोंद बरोबर आहे ना, हे दरवर्षी पाहावे. नोकरीत असताना दहावी किंवा टंकलेखन पास झालात, तर नोंद लगेच करून घ्यावी. लिपिक-टंकलेखकाला मराठीत मिनिटाला ३० किंवा इंग्रजीत ४० शब्दांचा वेग लागतो.

दुसरा, ज्येष्ठता यादी. ती आधी तात्पुरती निघते. नाव खाली गेले असेल तर मुदतीतच लेखी हरकत द्यावी आणि पोच घ्यावी. तोंडी सांगितलेले कुणी लक्षात ठेवत नाही.

तिसरा, गोपनीय अहवाल. लिपिकाच्या पुढे जाताना तो आडवा येतो. देव दत्त खटल्यातील अधिकाऱ्याला एका वर्षी ‘चांगला’ शेरा होता. बढतीला ‘फार चांगला’ हवा होता आणि त्याला ते कुणी कळवलेच नव्हते. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे. कचेरी दाद देत नसेल, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने अर्ज करावा. उत्तराची मुदत ३० दिवस.

१९९५ च्या ७७ व्या घटनादुरुस्तीने पदोन्नतीतील आरक्षणाची तरतूद संविधानात आली. तिच्यावरून पुढे कोर्टकज्जे पुष्कळ झाले. निकाल आपल्या हाती नाही. पण जागा निघेल त्या दिवशी आपला कागद तयार ठेवणे आपल्या हाती आहे.

भगिनींनो, तुमचाही यात वाटा आहे. घरधनी संध्याकाळी टंकलेखनाच्या वर्गाला जात असेल, तर त्या तासाला त्याच्यावर दुसरे काम टाकू नका. आणि तुम्ही स्वतः नोकरीत असाल, तर हाच तास घरच्यांकडून हक्काने मागून घ्या. बढतीबरोबर बदली आली, तर घाबरून नकार लिहून देऊ नका. आधी घरात बसून हिशेब करा. एकदा दिलेला नकार पुढे वर्षानुवर्षे महाग पडतो.